ग्रहण सगळ्या जिल्ह्याला लागले होते

शालिक,

परवा तुझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही, आणि त्याचा ठपका माझ्यावर आला.

मार्कंड्याला वैनगंगेच्या वाळूत पिंड मांडून आम्ही भर उन्हात उभे होतो. कावळ्यांची वाण नव्हती. देवळाच्या कोटावर ते ओळीने बसले होते आणि पंगतीत वाढपी कधी येतो याची वाट पाहणाऱ्या पाहुण्यांसारखे मान वाकडी करून आमच्याकडे बघत होते. खाली मात्र एकही उतरेना. मग मेलेल्याची इच्छा कशात अडकली आहे हे ओळखण्याचा आपल्याकडचा जुना प्रकार सुरू झाला. तुझा मुलगा उमेश, नुकत्याच तासलेल्या डोक्याने, हात जोडून म्हणाला, "बाबा, मायले मी अंतर देनार नाई." कावळे जागचे हलले नाहीत. तुझा चुलतभाऊ म्हणाला, "शालिक, रंजनाची चिंता करू नोको. तिले आमी सांभाळू." तुझी मुलगी रंजना तिथेच उभी होती. उजव्या हाताला अंगठ्याशिवाय एकही बोट नसताना जी शिलाईच्या मशीनवर निम्म्या गावाचे कपडे शिवते, ती चाळिशीची बाई म्हणाली, "काका, आंधी सोताची शुगर सांभाळा." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कावळे तेवढेही हलले नाहीत.

तेव्हा मी पुढे झालो. मला हळू बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवण्याची मी जन्मभर नोकरी केली. मी पिंडाकडे पाहून म्हणालो, "शालिक, रंजना पोटात असताना वच्छलाने ग्रहणात काहीही कापले नव्हते. एवढे मान्य कर आणि जा."

आणि त्याच क्षणी कोटावरचे सगळे कावळे उडाले आणि नदीपलीकडे गेले.

यावर न्हावी बोलला: "मास्तर, तुमी थोडे चूप राह्यले असते तं आला असता जी." शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि आम्ही एसटीत बसलो. आलापल्लीपर्यंत साऱ्या गाडीत एकच निकाल फिरत होता. शालिकभाऊने मेल्यावरसुद्धा मास्तरांचे म्हणणे मानले नाही. कावळ्याने साक्ष दिली.

मी कावळ्याची साक्ष मानत नाही. माणसांचीही मानत नाही, हे तुझ्याविषयी त्या दुपारी मंडपात जे बोलले गेले ते ऐकल्यावर तर अजिबातच नाही.

कारखान्याने एक तरुण साहेब पाठवला होता. तुझे नाव त्याने चिठ्ठीत पाहून उच्चारले. तो म्हणाला, "शालिकरावांच्या तळहातावरचे घट्टे ज्यांनी पाहिले, त्यांना श्रम म्हणजे काय हे सांगावे लागत नाही." लोकांनी माना डोलावल्या. शालिक, मी ते तळहात शेवटपर्यंत हातात धरले आहेत. ऐनाच्या झाडाच्या सालीसारखे ते तडकलेले होते, मध्ये मध्ये तांदळाएवढे कठीण दाणे, आणि तुझ्या छातीवर, पाऊस पडून वाळलेल्या मातीसारखे, काळेपांढरे ठिपके. ते घट्टे नव्हते. नोकरीची बहुतेक वर्षे तू फाटकावर मुकादम होतास आणि तुझ्या हातात शिट्टी होती. शिट्टीने घट्टे पडत नाहीत.

त्याच्यानंतर तुझा शेजारी देवाजी उठला. देवाजीला बोलता येत नाही. तो उभा राहिला की आधी रडतो. "शालिकभाऊनं आपल्या वाट्याच्या ढलप्या कधी घरी नेल्या नाई," तो म्हणाला. "इतले वर्स आमाले देल्या. आमची चूल त्याच्या लाकडावर जळली." मंडपात त्या वाक्यावर सगळ्यात जास्त डोळे पुसले गेले. माझेही. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण त्या वेळी मला जे ठाऊक नव्हते ते आता ठाऊक आहे.

तुझ्या-माझ्या नात्याविषयी मात्र कोणी बोलले नाही, म्हणून ते मीच सांगतो. जावई होण्याआधी तू माझा मित्र होतास. वसतिगृहात आपण एका सतरंजीवर झोपलो, एका ताटात जेवलो. आमच्या वडिलांना धानाची जमीन असलेला जावई हवा होता. माझी बहीण वच्छला तुला द्यायची हा हट्ट माझा. लग्नानंतर चारचौघांत तुला 'जवाईबापू' म्हणायचे आणि एकटे असताना 'शालक्या', असा आपला करार होता. तू तो पाळायला लावलास. एकदा तुझ्या पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून 'शालक्या' निसटले, तेव्हा तू गंभीरपणे म्हणालास, "मास्तर, आता पानी पाय धुवाले आना. जवायाचा अपमान झाला." आणि मी खरोखर तांब्या आणला. तुझ्याएवढे मला आयुष्यात कोणी हसवले नाही. माझी बायको गेली तेव्हा तू भद्रावतीला येऊन माझ्या स्वयंपाकघरात भात शिजवत राहिलास आणि सांत्वनाचा एक शब्दही बोलला नाहीस, याचे उपकार मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर हे लिहिणे सोपे झाले असते.

हे दुसरे कोणी वाचतील त्यांच्यासाठी कारखान्यातल्या हौदाचे सांगायला हवे. कारखान्यात सागवान येत नसे; येई ते आडजात लाकूड, खांबांसाठी आणि खोक्यांसाठी. आडजातीला वाळवी लागते. म्हणून ते सिमेंटच्या हौदात, हिरव्या औषधात बुडवून ठेवत. माणसे गुडघ्यापर्यंत उघड्या पायांनी कडेला उभी राहून उघड्या हातांनी ओंडके उलटत. त्या औषधाला कोणी नाव देत नसे. 'हिरवं' म्हणत. हौदातून निघालेल्या लाकडाच्या ढलप्या कामगारांना चुलीसाठी फुकट मिळत आणि कामगारांच्या ओळीतल्या बायकांना त्यांचा अभिमान होता, कारण त्यांचा जाळ हिरवा निघे. "आमच्या चुलीले मोरपिशी जाळ हाय," असे त्या गावातल्या बायकांना सांगत. त्या राखेने भांडी घासत. त्याच राखेने पोरांचे दात घासत. उत्तम लाकूड, उत्तम राख, आणि वाळवी नाही.

त्या काळी तूही हौदावरच होतास. संध्याकाळी तू घरी येत असस तेव्हा तुझे कपडे ओले आणि हिरवट असत, आणि वच्छला ते दगडावर आपटून हाताने पिळून काढी. रंजना तेव्हाच पोटात राहिली.

ती जन्मली तेव्हा सुईणीने तिचा उजवा हात कापडात गुंडाळून आधी डावाच दाखवला. त्याच वर्षी देवाजीला मुलगा झाला, त्याच्या टाळूला भोक होते. पाजलेले दूध नाकातून परत येई. तो भुकेने गेला, शालिक, आईच्या दुधाने भरलेल्या छातीला तोंड लावून भुकेने गेला. आणखी दोन घरांत जे झाले ते सुईणीने कोणाला पाहू दिले नाही. चारही घरे हौदावरची. शेतकऱ्यांच्या घरी, मासेमारांच्या घरी, शाळेतल्या शिपायाच्या घरी त्या वर्षी पोरे जन्मली ती दहा बोटांची जन्मली.

तुझ्या आईने कारण शोधले. वच्छलाच्या पोटात रंजना असताना सूर्यग्रहण झाले होते, आणि तेव्हा वच्छला माहेरी, म्हणजे माझ्या घरी होती. तुझी आई म्हणाली, "गिरनात, माहेरी कापलंन असन काई. त्यायच्या घरी कोनाले धाक हाय?" ग्रहणात गर्भारणीने पावशीला, म्हणजे विळीला, हात लावला की पोराचे अंग तुटते, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्यालाही पाठ असते. आता मी काय पाहिले ते सांगतो, कारण तिथे मी होतो आणि तुझी आई नव्हती. दारे-खिडक्या लावून आमच्या आईने वच्छलाला चटईवर आडवे केले होते. अंग खाजवायलासुद्धा परवानगी नव्हती. उंबऱ्याशी बसून मी तिला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत होतो, अगदी बाजारभावापर्यंत. ग्रहण सुटेपर्यंत तिने दोरासुद्धा तोडला नाही.

आणि तरी गावासमोर, तुझ्या अंगणात, तिला विचारले तेव्हा ती मान खाली घालून म्हणाली, "हो. कोहळं कापलं. भाऊले न सांगता."

त्या 'हो'ने ती जिवंतपणी मेली. तुझ्याआधी मेली, शालिक. त्यानंतर तिला कोणी बारशाला बोलावले नाही. गर्भार बाई समोरून आली की रस्ता ओलांडून जाई. तिच्या हाताने ओटी भरून घ्यायला कोणी तयार नव्हते. या उन्हाळ्यात तुझ्या सुनेला, पल्लवीला दिवस राहिले. घरात चोरओटी झाली, आणि होणारी आजी मागच्या दारी भांडी घासत बसली. ती भांडी तिला कोणी घासायला सांगितली नव्हती. आपली जागा कोणती हे तिला इतक्या वर्षांत पाठ झाले होते.

मी भांडलो. चावडीत भांडलो, लग्नात भांडलो, तुझ्या आईच्या तेरवीतही भांडलो. माझे म्हणणे साधे होते. ग्रहण सगळ्या जिल्ह्याला लागले होते, सिरोंच्यापासून ब्रह्मपुरीपर्यंत. मग त्याला बोटे तोडायला हौदावरचीच घरे कशी सापडली? यावर तुझे एक ठरलेले उत्तर असे, आणि ते देताना तू बिडी शिलगावीस. "मंग उमेश कसा झाला, मास्तर? त्याले तं धा बोटं हाय. कारखाना तोच, बाप तोच, माय तेच." लोक हसत आणि मी हरे. उमेश खरोखरच निरोगी जन्मला होता.

आणि डॉक्टर? रंजना सहा महिन्यांची असताना आपण तिला नागपूरला नेले. डॉक्टरांनी विचारले, "वडील काय काम करतात?" तू गप्प राहिलास, म्हणून मी सांगितले. त्यांनी सरळ सांगितले: "नक्की यामुळेच झाले असे मी लिहून देऊ शकत नाही. पण त्या हौदापासून लांब राहा. ते कपडे घरात धुऊ नका. ते लाकूड चुलीत घालू नका." बाहेर लिंबाखाली तू म्हणालास, "नागपूरच्या डॉक्टरले हौद काय मालूम? त्यानं जिंदगीत ओंडका पाह्यला असन का?" मला वाटले, हा अडाणीपणा आहे. पुढे पुष्कळ वर्षे मी तुला अडाणी समजत राहिलो आणि त्यासाठी क्षमाही करत राहिलो.

कारण तुझे बाकीचे वागणे अडाण्याचे नव्हते, भल्या माणसाचे होते. नागपूरहून परतल्यावर तू वच्छलाला तुझ्या कपड्यांना हात लावू दिला नाहीस. नाल्यावर, गावाच्या खालच्या अंगाला जाऊन तू ते स्वतः धूत असस. गावाने तुला 'बायकोचा धोबी' म्हटले, तू हसलास. मी शिक्षकांच्या खोलीत अभिमानाने सांगत असे की आमचे जावई बायकोला कामाला लावत नाहीत. मग साहेबांच्या मागे लागून तू हौदावरून फाटकावर गेलास, मुकादम झालास. आणि ढलप्यांतला आपला वाटा तू घरी नेणे बंद केलेस. "मुकादमानं काऊन न्याव? गरिबाची चूल जळू दे," असे म्हणून देवाजीला दिलास.

रंजनाला तू खांद्यावर बसवून शाळेत नेलेस. मार्कंड्याच्या जत्रेत ती पायरीवर बसली होती. तिचा हात पाहून एका बाईने तिच्या ओच्यात नाणे टाकले. तू ते उचललेस, गर्दीतून त्या बाईच्या मागे धावलास आणि हात जोडून म्हणालास, "बाई, तुमचे पैसे पडले." तुझ्या आवाजात राग नव्हता. ती बाई ओशाळून पळाली. मग तू रंजनाला जत्रेतली सगळ्यात भडक बांगडी घेतलीस आणि ती तिच्या उजव्या हातातच घातलीस. शालिक, त्या संध्याकाळी मी तुझ्यासाठी जीव दिला असता.

फाटकावरचा तू मात्र वेगळा होतास. नवा माणूस हौदाशी बिचकला की तू बाही सारून कोपरापर्यंत हात हिरव्यात बुडवीस, तोच हात तोंडावरून फिरवीस आणि म्हणस, "रंग हाय रे तो फक्त. मी मेलो का?" मग तो उतरे. किती उतरले ते मी मोजत नाही. त्यालाही मी अडाणीपणाच म्हटले.

दवाखान्यात शेवटच्या भेटीत मी तुला पुन्हा छेडले. तुझ्या कुशीला नळी होती आणि माझ्यात दया नव्हती. मी म्हणालो, "आता तरी बोल. वच्छीने कापले नव्हते." "मास्तर," तू म्हणालास, "तुमी जिंकले असं समजा आन चाय प्या." मी चहा प्यालो नाही. मी उठलो तेव्हा तू मागून म्हणालास, "आंधी वच्छीले इचारून या." मला वाटले, नेहमीचीच पळवाट.

आता परवाची संध्याकाळ. मंडप उठला होता. सुतक सुटले म्हणून घर धुणे चालले होते आणि घरातला एकूण एक कपडा धुवायला पल्लवी अंगणात ढीग घालत होती, सहा महिन्यांचे पोट सावरत. उमेश कारखान्यात असतानाच तुझी बातमी त्याला कळली होती. त्याचे कामाचे कपडे त्या दिवसापासून तसेच गाठोडे होऊन कोपऱ्यात पडले होते. हे मला ठाऊक नव्हते की उमेश आता हौदावर आहे. तिथे आता पत्र्याचे छप्पर आहे आणि रबरी मोजे खुंटीला आहेत. ओंडका निसटतो म्हणून ते कोणी घालत नाही. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मामाजी, रंग हाय तो फक्त." तुझाच आवाज, शालिक. पल्लवी गाठोड्याकडे वाकली.

तुझी विधवा, जी दहा दिवस भिंतीला टेकून बसली होती आणि जिला पाणीसुद्धा आम्ही आग्रहाने पाजत होतो, ती उठली. कोपऱ्यातली काठी घेतली, पल्लवीच्या बोटांच्या आधी ती काठी गाठोड्यात खुपसली आणि साप उचलावा तसे ते उचलले.

"हात नोको लावू," ती म्हणाली. "हे मी धुतो. नाल्यावर."

"माय, तुमच्याच्यानं होते का आता?"

"माह्यातलं जे जाचं होतं थे गेलं. तू दूर सरक."

मी तिच्या वाटेत उभा राहिलो. "वच्छे, हे तुला कोणी शिकवले?"

मग काठी खाली न ठेवता तिने सांगितले. "त्यायनंच, भाऊ. नागपूरवरून आले त्याच दिवशी. मने डॉक्टर खरं बोलते. कपडे मी धुतो, हौद मी सोडतो, लाकूड घरी आनत नाई. सगळं सांगतलं मले."

"मग कोहळे?"

"थेही त्यायनंच. सासूबाईनं गिरनाचं काढलं होतं ना. हे मने, तू हो मन. दवाईचं नाव निघालं तं हौद बंद होईन, लोकं आपल्याले जित्तं ठेवनार नाई. गिरनाले कोनी जाब इचारत नाई."

"आणि तू हो म्हणालीस."

"पोट्टी मांडीवर होती, भाऊ. थंड्या चुलीवर तिले काय रांधून घालू?"

उमेश पायरीवर बसला. तो म्हणाला, "म्हनून बाबा मले म्हनत, हौदावर नोको जाऊ. मी मनो, काऊन? काईच बोलत नव्हते. नुसते पाहत." तुझ्यावर ही वेळ आली याचा मला आनंद झाला, शालिक. तुझ्याच खोटेपणाने तुझ्या मुलासमोर तुझे तोंड शिवले होते.

मग दारातून रंजना बोलली. ती इतका वेळ तिथे उभी होती हे आम्हा कोणाच्या ध्यानात नव्हते. आपल्या हाताविषयी ती काहीच बोलली नाही. तिने विचारले, "माय, मंग ढलप्या देवाजीकाकाले काऊन देल्या?"

वच्छला काठीच्या टोकाकडे पाहत म्हणाली, "फेकल्या असत्या तं लोकायनं इचारलं असतं."

तुला मी काय समजत होतो, हे वर लिहून ठेवले आहे. ते मी खोडणार नाही. डॉक्टरांच्या तिन्ही गोष्टी तू अक्षरशः पाळल्यास. मी त्यांना बायकोवरची माया, नोकरीतली बढती आणि गरिबाविषयीचा कळवळा अशी नावे दिली. तुझ्या 'उमेश कसा झाला' या प्रश्नाचे उत्तर तुला पहिल्यापासून ठाऊक होते. तो तूच तसा घडवला होतास. आणि कोपरापर्यंत हात बुडवून तोंड धुतलेस तेव्हाही ठाऊक होते. अडाणी माणसाला मी क्षमा केली होती. तो माणूस कधी नव्हताच. कोणाला क्षमा करीत बसलो होतो मी?

बहिणीचेही मला कोणी सांगू नये की ती तुझ्यावरच्या प्रेमापोटी गप्प राहिली. परवा रात्रीपर्यंत दोन बायका मला हेच सांगून गेल्या. गळ्यात दगड बांधून पाण्यात सोडलेल्या माणसाने पोहण्याचा प्रयत्न केला नाही, एवढ्याने त्याला पाण्याची आवड होती असे ठरत नाही.

काल सकाळी देवाजी बंडी घेऊन आला. बैल त्याने उसने आणले होते आणि बंडी काठोकाठ ढलप्यांनी भरलेली होती, जुन्या, वाळलेल्या, कडांना अजून हिरवट. तेरवीच्या स्वयंपाकासाठी. "गावजेवन शालिकभाऊच्याच लाकडावर झालं पायजे," तो म्हणाला. "जाळून उरल्या थ्या इतले वर्स जपून ठेवल्या. वाळवी नाई लागली, पाहा." त्याने अंगणात बंडी उलटी केली. मोठा ढीग झाला. पल्लवी पाहायला बाहेर आली.

मी ढिगापुढे उभा राहिलो. "देवाजी, हे लाकूड पेटवायचे नाही. घरी जे असेल तेही पेटवू नकोस."

"काऊन जी, मास्तर?"

तोच प्रश्न, ज्याला तू तुझ्या मुलापुढे गप्प बसलास. मला गप्प बसता येत नाही. वच्छला मागून हळूच म्हणाली, "भाऊ, त्याले नोका सांगू. त्याच्यापाशी तेवढंच तं हाय." मी ऐकले, आणि देवाजीला कारण सांगितले. हिरव्याचे सांगितले, राखेचे सांगितले, नागपूरच्या डॉक्टरांचे सांगितले. नक्की कोणालाच म्हणता येत नाही, हेही सांगितले; मी खोटे बोलत नाही. देवाजीने ढिगातली एक ढलपी उचलून हातात फिरवली, जशी काही ती त्याने कधी पाहिलीच नव्हती. त्याच्या पोराचे नाव त्याने घेतले नाही. ठेवलेच नव्हते, बारशापर्यंत ते पोचले नव्हते.

रडल्याशिवाय देवाजी बोलतो हे मी प्रथमच पाहिले. माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही. वच्छलाला त्याने विचारले, "बाई, शालिकभाऊले मालूम होतं?"

अंगण तेच होते. पुष्कळशी माणसेही तीच होती, म्हातारी झालेली. तिने या वेळी मान खाली घातली नाही.

"हो," ती म्हणाली.

देवाजीने रिकामी बंडी जुंपली आणि तो गेला. उमेश आज कामावर गेलेला नाही. उद्या जाईल की नाही हे तो सांगत नाही, आणि त्याचे कपडे नाल्यावरच्या दगडावर पडून आहेत. तुझी तेरवी गॅसवर शिजेल. देवाजी जेवायला येणार नाही. गावातले निम्मे लोक म्हणत आहेत की मास्तरांनी मेलेल्या माणसाची अब्रू घेतली, आणि उरलेले अजून ग्रहणाचेच बोलत आहेत. मी दोघांशीही भांडेन.

ढलप्या तुझ्या दारात पडल्या आहेत. त्या कोणी न्यायच्या आणि कुठे टाकायच्या, हे ठरत नाही. पडू दे. वाळवी त्यांना लागणार नाही, एवढी खात्री तुझ्या कारखान्याने दिलेलीच आहे.